शब्द, व्याख्या आणि आपले वाक्य

सातारा-सांगली भागातील महाविद्यालयात पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांजवळ इंग्रजीची म्हणून एक वही असते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी प्रतिशब्द, आणि दोहोंच्या मध्ये बरोबरचे चिन्ह. कुणाच्या वहीत पाचशे शब्द असतात, स्पर्धा परीक्षेच्या नादाला लागलेल्याच्या वहीत दोन-दोन हजार. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे हा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. तरीसुद्धा शिष्यवृत्ती का अडली हे विचारणारा चार ओळींचा इंग्रजी अर्ज त्याला लिहिता येत नाही. मग तो आपल्या डोक्याला दोष देतो. कधी कधी प्राध्यापकही त्याच्या डोक्याला, क्वचित त्याच्या जातीला दोष देतात. माझे म्हणणे असे की दोष त्या बरोबरच्या चिन्हात आहे.

हे चिन्ह किती खोटे असते हे पाहण्यासाठी फार अवघड शब्द घेण्याचे कारण नाही. व्यवसायांची नावे घ्या. कार्पेंटर बरोबर सुतार, पॉटर बरोबर कुंभार, बार्बर बरोबर न्हावी, कॉबलर बरोबर चांभार. प्राथमिक शाळेपासून ही यादी आपण म्हणत आलो. आता इंग्रजी-इंग्रजी कोशात कॉबलर पाहा. तिथे अर्थ सापडतो तो साधारण असा: जोडे दुरुस्त करण्याचे काम करणारा माणूस. एवढेच. त्याचा बाप काय करीत होता, त्याचे घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, त्याच्या मुलीचे लग्न कुठे जमेल, यांबद्दल त्या व्याख्येत अक्षर नाही. उद्या त्याने जोडे शिवणे सोडले तर तो कॉबलर राहत नाही. आपल्याकडचा चांभार मात्र तलाठी झाला, प्राध्यापक झाला, तरी गावाच्या तोंडी चांभारच. इंग्रजी शब्द काम सांगतो. मराठी प्रतिशब्द जन्म सांगतो. बरोबरचे चिन्ह या दोहोंना एक ठरवते आणि वर्गात ती यादी मोठ्याने म्हटली जाते तेव्हा तीस-चाळीस माना एकाच बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलाने इंग्रजीवर प्रेम करावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

व्याख्येचा पहिला उपयोग हा आहे. ती शब्दाला प्रतिशब्दाच्या गावकीतून बाहेर काढते.

व्याख्या कशी बनते हेही थोडे पाहू. वस्तू कोणत्या मोठ्या वर्गात मोडते ते आधी सांगायचे, आणि मग त्याच वर्गातल्या इतरांपासून ती कशाने निराळी होते ते सांगायचे. विहीर म्हणजे पाण्यासाठी जमिनीत खोदलेला खड्डा: 'खड्डा' हा वर्ग, 'पाण्यासाठी' आणि 'खोदलेला' हे वेगळेपण. तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या वर्गाला 'जाती' म्हणत आणि त्याखालच्या लहान वर्गाला 'उपजाती'. व्याख्या करायची तर आधी जात विचारायची, ही आपल्या तर्कशास्त्राचीही खोड दिसते! ते असो. मुद्दा असा की व्याख्या वाचणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याची सवय लागते. हे कशापैकी आहे? आणि त्यापैकीच्या दुसऱ्याहून वेगळे कशाने आहे? ही सवय भाषेपुरती राहत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या घरातला आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. या निबंधाकडे आपण समाजशास्त्र म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याची सुरुवातीची पाने इंग्रजीच्या विद्यार्थ्याने व्याख्या कशी वाचावी याचा धडा म्हणून वाचावीत. जातीच्या चार व्याख्या ते पुढे मांडतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, जे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झाले. एकेका व्याख्येतला एकेक घटक उचलून ते तपासतात: हा जातीचा गाभा आहे की तिचा परिणाम? केतकरांची व्याख्या त्यांना इतरांहून सरस वाटते, कारण केतकर एका जातीकडे सुटे न पाहता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात पाहतात. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, जन्माने मिळणारे सभासदत्व आणि बाहेर लग्न करण्याची बंदी, ही दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे आंबेडकर दाखवून देतात. बाहेर लग्न बंद केले की आत जन्मलेलेच आत राहणार. अशा रीतीने चार विद्वानांच्या शब्दांतून गाळून एक शब्द उरतो: एन्डोगॅमी, म्हणजे आपल्याच गटात लग्न. पुढच्या सगळ्या विवेचनाची इमारत या एका शब्दावर उभी आहे. विद्वानांनी केलेली व्याख्या ही शिरसावंद्य मानायची गोष्ट नव्हे, उलटून पाहायची गोष्ट आहे, हे यातून आपल्या विद्यार्थ्याने घ्यावे. आणि शब्दाचा अर्थ नीट कळल्यावाचून उलटून पाहता येत नाही, हेही घ्यावे.

पण व्याख्या पुरी पडत नाही. 'एन्डॉस्मॉसिस' हा शब्द पाहा. बाबासाहेबांनी तो १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढच्या निवेदनात वापरला आणि १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्येही वापरला. कोशात पाहिले तर पडद्यातून द्रवाचे आत झिरपणे असा जीवशास्त्रातला अर्थ मिळतो. एवढ्यावर विद्यार्थी गोंधळतो. जातिसंस्थेच्या चर्चेत हे झिरपणे कुठून आले? शब्द ज्या वाक्यांत आहे ती वाक्ये मागेपुढे वाचली तर उलगडा होतो. हा शब्द समाजाच्या संदर्भात त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांनी १९१६ मधील 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात योजला होता. समाजातल्या गटागटांत अनुभवांची, विचारांची मोकळी येजा असणे, एकाचे दुसऱ्यात झिरपणे, असा तो अर्थ आहे. जात म्हणजे न झिरपणारा पडदा. वाक्याशिवाय हा अर्थ कोणत्याही कोशाने दिला नसता.

म्हणून म्हणतो, शब्दाचा अर्थ व्याख्येत असतो आणि त्याची वागणूक वाक्यात असते. माणूस नुसता नावाने कळत नाही, त्याला चारचौघांत वावरताना पाहावे लागते, तसेच हे.

आपण मराठी याच रीतीने शिकलो. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची असे सांगतात. त्यांनी शब्दकोश घेऊन मराठी शिकली नाही. घरी, रानात, तमाशाच्या फडात, गिरणगावात त्यांनी ती ऐकली, आणि प्रत्येक शब्द त्यांना वाक्यासकट, माणसासकट, प्रसंगासकट मिळाला. इंग्रजीचे हे ऐकणे आमच्या वाड्या-वस्त्यांवर नाही. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरातल्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावर मिळते. आमच्या मुलाला ते कुठून मिळणार? उदाहरणवाक्य हे त्या न मिळालेल्या ऐकण्याची भरपाई आहे. आणि म्हणूनच पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला त्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या भिवाकडून वडील रामजी सुभेदारांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली, असे चरित्रकार सांगतात. पाठमाला म्हणजे वाक्येच. शासनाने २०१७ पासून तो प्रवेशाचा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करायला सुरुवात केली. त्या दिवशी भाषणे पुष्कळ होतात.

आता हे व्याख्या-वाक्यांचे कोश आले कुठून, याची हकीकत थोडक्यात. इंग्लंडातल्या इंग्रजांसाठी केलेले कोश आपल्या कामाचे नसतात. त्यांत सोप्या शब्दाची व्याख्या अवघड शब्दांनी केलेली असते. परभाषकासाठी कोश वेगळा हवा हे ज्यांनी ओळखले त्यांतला एक मायकेल वेस्ट हा ढाक्यात शिक्षणखात्यात काम करणारा इंग्रज. बंगाली मुलांना शिकवताना त्याला दिसले की या मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचण्याची गरज आहे, आणि वाचनाचा अडसर शब्दांचा आहे. १९३५ च्या त्याच्या कोशात सगळ्या व्याख्या अवघ्या १४९० शब्दांत बसवल्या होत्या. म्हणजे तेवढे शब्द ज्याला आले त्याला सारा कोश खुला. दुसरा ए. एस. हॉर्नबी. हा जपानात शिकवीत होता. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला; आज आपण ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांचा मोठा कोश म्हणतो तो हाच वाढत गेलेला. कोणते क्रियापद वाक्यात कसे बसते, कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, हे त्याने खुणा करून दाखवले. पुढे १९७८ च्या लाँगमन कोशाने सुमारे २००० शब्दांत व्याख्या दिल्या. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली झालेल्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिली आणि उदाहरणे कोशकाराच्या मनातून न काढता छापील व बोललेल्या इंग्रजीच्या मोठ्या साठ्यातून उचलली. ढाका आणि टोकियो ही गावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांच्या वर्गात हे शास्त्र जन्मले. आपल्या शाळांना मात्र ते पोचलेच नाही, आपल्याकडे प्रतिशब्दच चालू राहिले.

प्रतिशब्दांच्या कोशांना मी हलके लेखीत नाही. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश ही प्रचंड कामे आहेत. पण त्या कामाला मदतीस बसलेले शास्त्री-पंडित ब्राह्मण होते, आणि पुढची शंभर वर्षे जे प्रतिशब्द पाठ्यपुस्तकांत उतरले ते बहुतांशी त्याच घरांच्या बोलीतले. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ कळावा म्हणून प्रतिशब्द पाहावा आणि तो प्रतिशब्दच कळू नये, त्यासाठी संस्कृत जाणणाऱ्या कुणाला तरी विचारावे लागावे, हा अनुभव आमच्या मुलांना रोजचा. हे दोन वेळा परके होणे आहे.

मात्र व्याख्येचे कोश तरी निर्दोष आहेत काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. 'परायाह' हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत सर्रास येतो. वाळीत टाकलेला माणूस, कुणी जवळ करीत नाही असे राष्ट्र, अशा अर्थाने. हा शब्द तमिळ भाषेतल्या 'परैयर' या जातिनामावरून आला आहे. परै म्हणजे वाद्य, आपल्याकडच्या हलगीसारखे. तिकडे जिवंत माणसांचा एक समाज आहे, ते ढोल वाजवीत, शेतात राबत, आणि इंग्रजी भाषेने त्यांचे नाव उचलून तिरस्काराचे सामान्यनाम करून टाकले. व्याख्येत फक्त 'बहिष्कृत' एवढेच उरते. व्याख्या जात पुसते हे कॉबलरच्या बाबतीत सोयीचे, इथे अन्यायाचे. म्हणून शब्दाच्या जन्माची नोंद कोशात दिलेली असते तीही वाचावी.

'बॉयकॉट' या शब्दाचे तर वाक्यच तपासावे लागते. १८८० मध्ये आयर्लंडात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी आणि गावाने त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले आणि त्याचे नाव क्रियापद झाले. म्हणजे तिथे बहिष्कार हे दुबळ्यांचे हत्यार होते. कोशातल्या उदाहरणवाक्यांत आजही कर्ता असतो ग्राहक, कामगार, मतदार. आणि कर्म असते एखादी कंपनी, निवडणूक, सभा. आता आपले वाक्य करा: गावाने वस्तीवर बहिष्कार टाकला. किराणा बंद, दळण बंद, रोजगार बंद. कर्ता आणि कर्म यांची जागा उलटी झाली. व्याख्या तीच, शब्द तोच, पण हत्यार दुसऱ्याच्या हातात. २० जुलै १९२४ ला स्थापन झालेल्या सभेच्या नावात 'बहिष्कृत' शब्द का आला आणि १९२७ च्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' का ठेवले गेले, हे विद्यार्थ्याला कर्ता-कर्म पाहिल्याशिवाय समजणार नाही. महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला तो आयरिश कुळांच्या बहिष्कारासाठी नव्हे.

व्याकरणाचा असाच एक धडा 'डिप्रेस्ड' या शब्दात आहे. आजचा विद्यार्थी मोबाइलवर हा शब्द पाहतो आणि त्याला 'उदास', 'खिन्न' असा अर्थ मिळतो. मग 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे उदास वर्ग काय? असे एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारले, आणि वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. 'प्रेस' म्हणजे दाबणे. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापलेल्या संस्थेचे इंग्रजी नाव 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' आणि मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. दोन नावे एकाच संस्थेची, पण अर्थ एक नाही. 'दाबलेला' म्हटले की कुणी दाबले हा प्रश्न शिल्लक राहतो. 'निराश्रित' म्हटले की तो प्रश्न उरत नाही; आश्रय नाही एवढेच कळते, जणू पावसात सापडलेला माणूस. शिंदे यांच्या कार्याची थोरवी मी नाकारीत नाही, शब्दाचा अर्थ सांगतो आहे. 'बहिष्कृत' आणि 'दलित' ही दोन्ही विशेषणे पुन्हा कर्मणी आहेत: बाहेर टाकलेला, भरडलेला. टाकणारा कोण, भरडणारा कोण, हा प्रश्न ती जागा ठेवतात. आणि १९३५ च्या कायद्याने आलेला 'शेड्यूल्ड' हा शब्द? तोही रूपाने कर्मणीच, यादीत घातलेला. पण तिथे कर्ता झाला सरकारी कचेरी.

कार्यकर्त्यांसाठी कायद्याच्या शब्दांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे शब्द चुकला तर माणूस हरतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमानाबद्दलचे जे कलम आहे (आधी ते ३(१)(x) होते, २०१५ च्या दुरुस्तीनंतर ३(१)(r) झाले) त्यात तीन क्रियापदे आहेत: इन्सल्ट, इंटिमिडेट, ह्युमिलिएट. प्रतिशब्दांच्या वहीत पहिल्या आणि तिसऱ्यापुढे एकच शब्द असतो: अपमान करणे. मग कायद्याने तोच शब्द दोनदा कशाला लिहिला? व्याख्या वाचल्या की कळते. इन्सल्ट ही कृती आहे, कुणाला उद्देशून केलेले अवमानाचे बोलणे वा वागणे. इंटिमिडेट म्हणजे धाक घालणे. ह्युमिलिएट म्हणजे माणसाला त्याच्या स्वतःच्या आणि लोकांच्या नजरेत खाली आणणे. कलमात पहिली दोन ही कृत्ये आहेत आणि तिसरा हा हेतू आहे: खाली आणण्याच्या इराद्याने अपमान केला किंवा धाक घातला, असे ते वाक्य आहे. तक्रारीत फक्त 'अपमान केला' असे लिहून भागत नाही. काय शब्द उच्चारले, कसे, आणि त्यामागचा इरादा कशावरून दिसतो, हे आले पाहिजे.

त्याच कलमात पुढे 'पब्लिक व्ह्यू' हे शब्द आहेत. कित्येक जण ते 'पब्लिक प्लेस' म्हणजे सार्वजनिक जागा असे वाचतात. तसे नाही. २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला: जागा खासगी असली, उदाहरणार्थ घराबाहेरचे आवार, पण ती रस्त्यावरून लोकांना दिसत असेल, तर ती लोकांच्या नजरेच्या टप्प्यात येते. उलट २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना घडलेला प्रकार या कलमात बसत नाही असे न्यायालयाने म्हटले. 'व्ह्यू' या चार अक्षरी इंग्रजी शब्दाची व्याख्या, जिथवर नजर पोचते ते, ज्याला ठाऊक आहे तो कार्यकर्ता पंचनाम्याच्या वेळी अंगण आणि रस्ता यांमधले अंतर, कुंपणाची उंची, कोण उभे होते, हे नोंदवून घेईल. ज्याला ठाऊक नाही तो वकिलाच्या तोंडाकडे पाहील. फिर्याद मराठीत देता येते, पण उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात. ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. न्यायालय जवळ आले, भाषा होती तिथेच आहे.

जमिनीच्या बाबतीतही हेच. महारवतन ज्या कायद्याने गेले त्या १९५८ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'इन्फीरिअर' हा शब्द आहे. इन्फीरिअर म्हणजे दर्जाने खालचा, आणि इंग्रजीत त्याच्यापुढे 'टु' येतो: कुणाहून खालचा? पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांहून खालचा. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीसाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते; वतन मोडण्याच्या कायद्यानेही खालचेपणा नावात कायम ठेवला. आणि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसली, त्यांना ती रक्कम भरून 'रिग्रँट' झाली. ग्रँट म्हणजे वरच्याने खालच्याला देणे, री म्हणजे पुन्हा. वतन जमिनीच्या फेरफारासाठी तहसील कचेरीत खेपा घालणाऱ्या माणसाने हे दोन तुकडे वेगळे करून पाहावेत.

आता अभ्यास कसा करावा. शब्द एकटा उतरवू नये; व्याख्या आपल्याला कळेल एवढ्या सोप्या इंग्रजीत, त्याखाली कोशातले किंवा पुस्तकातले एक वाक्य, आणि त्याखाली आपले वाक्य, असा एक शब्द पाव पानात बसवावा. दोन हजार व्याख्या-शब्दांचा पाया रोज पाच शब्द या हिशेबाने चारशे दिवसांत होतो. मोबाइलवर आज इंग्रजी-इंग्रजी कोश फुकट मिळतात, पण बोट आधी भाषांतराकडे जाते; तिथे प्रतिशब्दच मिळतो आणि बोट थांबते. प्रतिशब्द पाहू नये असे मी म्हणत नाही. झाडा-माशांच्या नावांना, अवजारांना तोच बरा. शेवरीची व्याख्या वाचण्यापेक्षा 'शेवरी' म्हणून मोकळे व्हावे. पण क्रियापद आणि विचाराचा शब्द व्याख्येवाचून घेऊ नये.

वाक्यामुळे चुकाही मुळातून जातात. आमची मुले 'डिस्कस अबाउट' लिहितात, कारण मराठीत 'विषयी चर्चा' होते. 'एक्सप्लेन मी' लिहितात, कारण 'मला समजावून सांगा' असे आपण म्हणतो. इंग्रजीत समजावायची गोष्ट आधी आणि माणूस 'टु' लावून नंतर. 'अॅडव्हाइसेस' लिहितात, कारण मराठीत सल्ले अनेक असतात. मोर्चाच्या फलकावर 'वुई डिमांड फॉर जस्टिस' असते. डिमांड नाम असेल तर 'फॉर' हवा. क्रियापद असेल तर नको, सरळ 'वुई डिमांड जस्टिस'. आपली मागणी मध्ये शब्दयोगी घालून दबकत करण्याचे कारणच नाही. याउलट अर्जाच्या मायन्यात 'आय बेग टु स्टेट' अजून जिवंत आहे. बेग म्हणजे भीक मागणे. हक्काची शिष्यवृत्ती मागताना भिकेचे क्रियापद कशाला? 'आय राइट टु स्टेट' म्हणावे, काही बिघडत नाही.

उदाहरणवाक्ये कुणाच्या जगातली असतात हा प्रश्न शेवटी येतोच. कोशातला माणूस न्याहारीला टोस्ट खातो, बागेतले गवत कापतो, सुटीत समुद्रावर जातो. ऊसतोडीची कोयता-जोडी, हळदीच्या वखारीतली हमाली, तासगावची द्राक्षबाग, पाण्याच्या टँकरची रांग त्यात नाही. म्हणून 'आपले वाक्य' ही पायरी टाळू नये. आणि आपले वाक्य कसे असते याचा नमुना हवा असेल तर बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घ्यावे. शासनाच्या लेखन-भाषण मालेच्या बाराव्या खंडात ते आहे. इंग्रजी इतके सोपे की बारावीचा विद्यार्थी कोश जवळ ठेवून वाचू शकतो. पहिलाच प्रसंग आपल्या मुलुखातला. लहान मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरतात, खटाव तालुक्यातल्या गोरेगावी वडिलांकडे जायचे असते; जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो, गाडीवान मिळत नाही, दुप्पट भाडे देऊन गाडी स्वतः हाकावी लागते, रात्रभर पाणी मिळत नाही. 'हायर' म्हणजे भाड्याने घेणे ही व्याख्या आहे. पैसे असूनही 'हायर' करता येत नाही, हे वाक्य आहे. मसूर, कोरेगाव, रहिमतपूर भागातून येणारी माझी मुले हा मजकूर वाचताना कोश कमी उघडतात. स्टेशन त्यांच्या ओळखीचे असते.

इंग्रजी कशाला, मराठीच समृद्ध करू, असे म्हणणारे मित्र आपल्यातही आहेत. मराठी समृद्ध करायचे काम दलित साहित्याने केले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण त्या जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना जोडली, आणि नायगावच्या सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली, ती मराठीचा कंटाळा आला म्हणून नव्हे. आपल्यावर जे लिहिले जाते ते वाचता यावे आणि त्याला उत्तर देता यावे, एवढा साधा हिशेब त्यात होता. १९७९ पासून निघालेल्या लेखन-भाषण मालेचा पहिला खंड बहुतेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयात आहे. 'कास्ट्स इन इंडिया' त्यातच आहे, वीसेक पानांचा. चार-पाच जणांनी विहारात किंवा वसतिगृहाच्या खोलीत रविवारी बसून आठवड्याला दोन पाने वाचली, एकाने कोश धरला, एकाने वाक्ये लिहून घेतली, तर एका सत्रात तो पुरा होतो. पहिल्या बैठकीत चारही व्याख्या फळ्यावर लिहाव्यात आणि बाबासाहेबांचा शेरा वाचण्याआधी प्रत्येकाने आपापला शेरा वहीत लिहावा.